मालक कोण?

“तक्रार मालकानेच करायची असते, बाई. तुम्ही मालक आहात का?”

“मी त्या फिल्ममधली बाई आहे,” एतेल्का म्हणाली.

“तेच सांगतोय. म्हणजे मालक नाही.” पोलिसानं अर्ज परत सरकवला. मेल्याचा थंडपणा बघा!

मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. बुडापेस्टमध्ये असल्या नागड्या फिल्मांचा धडाका होता तेव्हा मी रंगभूषा करायचे. एतेल्का तेव्हा पंचविशीची, फिल्मांत कामं करायची. नियम असा, की सज्ञान असल्याचा पुरावा म्हणून शूटिंगआधी ओळखपत्र गालाशी धरायचं आणि कॅमेऱ्याला नाव, जन्मतारीख सांगायची. तेवढा तुकडा निर्मात्याच्या कपाटात कुलपात राहायचा. आता तोच फिल्मला जोडून एका फुकटच्या साइटवर आला होता. एतेल्का हल्ली शहराच्या चेपेल भागातल्या बालवाडीत स्वयंपाक करते. कुणा मुलाच्या बापानं तो पाहिला. बघणारा सभ्य, दिसणारी तेवढी वाईट! मुख्य बाईंनी तिला बजावलं, शुक्रवारपर्यंत ते काढून घ्या, नाहीतर काम सोडा.

आम्ही जुना निर्माता गेझा याच्याकडे गेलो. तो आता बाजारात लांगोश तळतो, आपल्या जाड पुऱ्यांसारखे.

“गेझा, तू तरी तक्रार कर ना रे,” मी म्हणाले.

“मी कशाचा मालक, विल्मा? त्या साइटवाल्यांनी आपला माल चोरून फुकट वाटला, तेव्हा गेलो होतो पोलिसांत. फिदीफिदी हसले. म्हणाले, घाणीची कसली चोरी? दिवाळं निघालं माझं. मग सरकारी माणसानं टेबलखुर्च्यांबरोबर कपाटातल्या टेपाही लिलावात काढल्या.”

“घेतल्या कुणी?”

“त्याच साइटवाल्यांनी. आता कायदा त्यांच्या बाजूनं.”

“आणि माझं नाव? तेही लिलावात गेलं?” एतेल्कानं विचारलं. गेझानं कढईतला लांगोश उलटला.

शेवटी साइटवाल्यांनाच लिहिलं. त्यांनी विचारलं, त्या बाई तुम्हीच कशावरून? ओळखपत्र गालाशी धरून फोटो पाठवा.

“मेले कुठले! नको पाठवूस,” मी ओरडले.

“मग काय करू, सांग?” ती माझ्या सलूनच्या खुर्चीत बसली. सवयीनं माझा हात पावडरकडे गेला. “राहू दे गं. म्हातारी झालेय, दिसू दे त्यांना.”

गुरुवारी उत्तर आलं. ओळख पटली. करारावर सही तुमचीच आहे, चित्रण आमच्या मालकीचं आहे, ते काढता येणार नाही. धन्यवाद.

शुक्रवारी मी तिला आणायला बालवाडीत गेले. मुख्य बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

“एतेल्काबाई, आत्ताच निघालात तर बरं होईल.”

“पोरं जेवतायत. जेवू देत.”

मला त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. एतेल्कानं खसखशीच्या शेवया वाढल्या, वर साखर भुरभुरली. एका चिमुरडीनं ताटली पुढे केली.

“एतेल्कामावशी, अजून!”

तिनं वाढलं. मग एप्रन सोडत मुख्य बाईंना म्हणाली, “हिला सोमवारपासून साखर कमी घाला. दाढ किडलीय तिची.”