पहिल्या वीस मिनिटांचं पाणी

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पाऊस सुरू झाला. चार चौदाला पाणी तपासणारी बाई सहा बाटल्या घेऊन नव्या बाजाराच्या नाल्यात उतरली. तिचे वडील काठावर छत्री धरून उभे राहिले. पंपघरात तीस वर्षं काढलेला माणूस. घरी बसवेना म्हणून मागोमाग आला होता.

"अगं, थांबू दे की पाऊस. निवळलं की भर."

"निवळायच्या आतच भरायच्यात, बाबा."

"असलं घाण पाणी कोणी तपासायला नेतं का? लोक हसतील."

"हसू देत. तुम्ही घड्याळ बघा. दर चार मिनिटांनी ओरडा."

नमुना पाऊस ओसरल्यावर घ्यायचा, ही रीत त्यांचीच. त्यात लबाडी नव्हती. गढूळ बाटली नेणं त्यांना गबाळेपणा वाटे. पण तोवर रस्त्यावरचं तेल आणि टायरची काजळी तलावाकडे वाहून गेलेली असे, आणि सगळं गाव त्या तलावाचं पाणी पीत असे. त्यांच्या नमुन्यांच्या वहीत मात्र तीस वर्षं नाला स्वच्छ होता. त्याच वहीवर बोट ठेवून नगर अभियंता बाजारामागचा गाळखड्डा बुजवायला निघाला होता. नाल्याचं पाणी तलावात जाण्याआधी त्या खड्ड्यात थांबे, गाळ खाली बसे. आता तिथे त्याला वाहनतळ हवा होता.

चौथी बाटली हातातून निसटून वाहून गेली. पाच उरल्या. प्रयोगशाळेत पहिल्या बाटलीत शेवटच्या बाटलीच्या अकरा पट गाळ निघाला, वर तेलाचा तवंग. वडिलांनी ती उजेडात धरली.

"अशाच पाण्याने मी बाटली विसळायचो," ते म्हणाले, "आणि ओतून द्यायचो."

ती बाटलीवर वेळ लिहीत राहिली.

मंगळवारी नगरपालिकेच्या समितीपुढे अभियंत्याने वही उघडली. "ही तुमच्याच वडिलांची ना, बाई? मग काय, खोटी म्हणायची?"

"खोटी नाही, साहेब. उशिराची आहे."

मागच्या बाकावरून वडील उठले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "पानापानावर वेळ घातलीय मी. पाऊस थांबला कधी, बाटली भरली कधी. वाचा ना मोठ्याने."

अभियंत्याने चार पानं वाचली, पाचव्याला वही मिटली.

समितीने ठरवलं: एका पावसावर निर्णय नाही, आणखी एका पावसाचे नमुने आणा. मग पुढचं बघू. भरावाच्या कामाला मात्र स्थगिती दिली नाही. तिने लेखी मागितली, दोनदा. अर्ज आवक-जावक खिडकीत शिक्का मारून घेतला.

शुक्रवार दुपारपर्यंत पाऊस नाही. दाराशी धुतलेल्या सहा बाटल्या ठेवल्या आहेत. वडिलांनी प्रत्येकीच्या गळ्यात मनगटाला अडकवायची दोरी बांधली आहे. गाळखड्ड्याच्या काठावर मुरमाचे दोन ट्रक उभे आहेत. एक रिकामा झाला आहे.