बरणीला कान

सून ऑपरेशन थिएटरातली सिस्टर. सगळी नोकरी जंतू मारण्यात गेलेली, आणि त्यात ती इतकी तरबेज की घरात दहीसुद्धा तिची पाठ वळल्यावरच लागायचं.

सासूबाईंची आजारपणानंतर अन्नावरची वासनाच उडाली होती. औषध आत जाई, घास बाहेर येई. डॉक्टर म्हणाले, "काहीही खाऊ दे, पण पोटात जाऊ दे. असं फार दिवस चालणार नाही." त्यावर म्हातारीने फर्मान सोडलं : आंबवलेला कोबी, घरचा. हातांत बळ उरलं नव्हतं. तेव्हा हात सुनेचे आणि तोंड सासूचं, अशी वाटणी झाली. तशी ती लग्नापासूनचीच होती.

पहिल्या खेपेला सिस्टरने बरणी उकळली, वर ठेवायचा दगड उकळला, आणि कुणाला न सांगता चिरलेला कोबीही उकळत्या पाण्यातून काढला. बरणी ढिम्म. मग वास मारू लागली. नवरा नाक धरून म्हणाला, "पोस्टमॉर्टेम कुठे करायचं?"

सासूबाईंनी अंथरुणातून विचारलं, "गरम पाण्याने आंघोळ घातलीस ना त्याला?"

"निर्जंतुक केला, आई."

"वऱ्हाड वेशीवरूनच हाकललंस, आणि आता लग्न का लागेना म्हणून बसलीस! अगं, आंबवणारे त्याच्या पानावरच असतात. आपण मीठ लावायचं आणि गप्प बसायचं. दुसरं तुला जड जाईल, माहितेय मला."

दुसऱ्या खेपेला कोबी कच्चाच राहिला. सिस्टर मीठ लावून मुठींनी रगडत बसली. बराच वेळ नुसताच पाला. मग बोटांमधून पाणी झरलं. तिने थेंबभरही घातलं नव्हतं. बरणीत दाबून भरल्यावर कोबी स्वतःच्याच पाण्यात बुडाला. वर एक अख्खं पान, त्यावर दगड, तोंडाला फडकं.

रोज सकाळी ती आधी सासूबाईंची नाडी बघे, मग बरणी. नाडी मंद, बरणी मुकी.

एका दुपारी फडकं सोडलं तर दगडाच्या कडेने एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग रांगच. तिने बरणीच्या गार पोटाला कान लावला. आत अखंड कुजबुज चालली होती. जन्मभर ज्यांच्या जिवावर उठली होती, तेच आमंत्रणाशिवाय, हजेरीशिवाय, दिव्याशिवाय कामाला लागले होते. उघडी, धडधडणारी काळजं पाहूनही तिची पापणी कधी लवली नव्हती. आता अंगावर सर्रकन काटा आला.

"आई, हा बोलतोय!"

"काय म्हणतो?"

"तुम्हीच ऐका." तिने बरणी लेकरासारखी उचलून अंथरुणाशी आणली. एका बाजूला सासूचा कान, दुसऱ्या बाजूला सुनेचा. दोघी एकाच वेळी ऐकताहेत आणि कुणीच बोलत नाही, असं त्या घरात प्रथमच घडत होतं.

कुजबुज विरली, आंबट वास घरभर झाला, तेव्हा वाटी आली. पहिल्या घासाला म्हातारीचं तोंड वाकडं झालं. सवयीने सिस्टरचा हात उलटीसाठी ठेवलेल्या तस्ताकडे गेला आणि तिथेच थांबला. घास घशाखाली उतरला होता.

"मीठ जास्त पडलंय," सासूबाई म्हणाल्या, आणि रिकामी वाटी पुढे केली.