कालच्या चिठ्ठ्या

मानसी परबला त्या एका पाठातून काय मिळणार होतं? नावाला चिकटलेलं ‘शिक्षणसेवक’ सुटणार होतं, नोकरी कायम होणार होती, आणि बोरिवलीच्या सासूबाईंची दर सणाला ‘अजून टेंपररीच का गं?’ विचारायची सोय जाणार होती. त्यासाठी लावायचं काय, तर स्टिकी नोट्सच्या दोन गड्ड्या. सौदा वाईट नव्हता.

शाळा अंधेरीत, वेसाव्याच्या वाटेवर. वर्ग पाचवीचा, विषय अपूर्णांक. तास संपत आला की मुलांनी समजलेलं पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं, न समजलेलं गुलाबीवर, आणि फळ्याशेजारच्या भिंतीवर लावायचं. शुक्रवारी सुपरवायझर पद्मजाबाई पाठ बघायला येणार, म्हणून गुरुवारी तिने तालीम घेतली. ती झकास झाली. मुलांनी इतकं नेटकं लिहिलं की मानसीला धास्ती बसली, उद्या यांना हे परत सुचेल का? तिने सगळ्या चिठ्ठ्या सोलून डब्यात ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला परत दिली. पाठ नीट झाला तर शनिवारी जादा खेळाचा तास, असं आमिषही दाखवलं.

एकदा भिंतीवर बसलेली चिठ्ठी उतरताना रंगाची पूड घेऊन उतरते, एवढंच तिच्या हिशोबात नव्हतं.

ऑक्टोबरचा उकाडा. पद्मजाबाई मागच्या बाकावर पदराने वारा घेत बसलेल्या. मुलांनी चिठ्ठ्या लावल्या, मानसी समारोप करू लागली, पण डोळा भिंतीवर. एक चिठ्ठी कोपऱ्यातून सुटली. पहिल्या बाकावरच्या लवूने धावत जाऊन दाबली. तोवर दुसरी सुटली. मानसीने बोलता बोलता पंखा बंद केला. मग बाकं करकरायला लागली, वह्या हलायला लागल्या, कुणाला पाणी हवं, कुणाला बाहेर जायचं. पोरं शिजतील हो, म्हणत पद्मजाबाई स्वतःच उठल्या आणि पंखा पाचावर टाकला.

भिंत बघता बघता मोकळी झाली. एक गुलाबी चिठ्ठी बाईंच्या पायाशी आली. त्यावर लिहिलं होतं, चार तीनपेक्षा मोठे, मग एक चतुर्थांश एक तृतीयांशापेक्षा लहान कसा? बाई खूश. कुणाची म्हणून विचारलं, तर कल्पिता उभी राहिली. हिची आई शकु बाजारात मासे विकते, आणि सुट्टीत ही तिच्या पाटीशेजारी बसते.

“नाही समजलं ना? ये, आपण बघू.”

“समजलंय बाई. काल नव्हतं समजलं.”

“मग आज का लावलंस?”

कल्पिताने मानसीकडे पाहिलं. मानसी कोरं डस्टर झटकत होती.

“टीचर म्हणाल्या, कालचीच लाव. पण आई म्हणते, शिळं विकायचं तर शिळं सांगून विकायचं.”

वर्ग खिदळला. पद्मजाबाई हसल्या नाहीत, वहीत बराच वेळ लिहीत बसल्या. नंतर मानसीला बाजूला घेऊन म्हणाल्या, चिठ्ठ्यांचं मी पाहिलंच नाही. पण मूल तुमच्यासमोर इतकं सरळ बोलतं, ते काही तालमीने येत नाही. शेरा त्यांनी दिला, ‘वर्गात निर्भय वातावरण’. फक्त पाठ पुन्हा घ्यायचा, कोऱ्या चिठ्ठ्यांवर. शनिवारी.

म्हणजे खेळ गेला. मधल्या सुट्टीत लवूने कल्पिताला गाठलं.

“तुला काय गरज होती गं तोंड उघडायची? लागली ना वाट शनिवारची.”

वर्गाने तिच्याशी कट्टी घेतली. मानसी दाराशीच होती, तिने सगळं ऐकलं. चूक माझी होती, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण वर्गातलं वाक्य संध्याकाळी घराघरांत जातं आणि सकाळी स्टाफरूममध्ये येतं, आणि कायमची ऑर्डर अजून हातात नव्हती. ऑर्डर आल्यावर बोलू, असं तिने ठरवलं. ऑर्डर आली तेव्हा विषय जुना झाला होता.

तर मानसीला नोकरी मिळाली, पद्मजाबाईंना त्या शेऱ्याबद्दल वरिष्ठांची वाहवा, लवूला पुढच्या शनिवारी मैदान. भरलं ते कल्पिताने. डबा ती बरेच दिवस एकटीच खात होती, आणि काही अडलंय का असं टीचरने विचारलं की सगळ्यांच्या आधी म्हणते, सगळं समजलं.