एक ते दोन जेवण

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. घड्याळं दुरुस्त करणारा हा गृहस्थ दुपारी एकच्या ठोक्याला शटर ओढायचा आणि दोनच्या ठोक्याला वर करायचा, दारात कुणीही उभं असो. म्हणून गल्लीने ते ठेवलेलं. गेले तीन महिने मात्र दारात कुणी उभंच नव्हतं. मिनिटराव माशा मारत बसले होते. शेवटी मन घट्ट करून त्यांनी दुकान सोडायचं ठरवलं आणि अवजारं घेणाऱ्याला पुढच्या शुक्रवारी दोन वाजता बोलावलं. चाळीस वर्षं हाताखालची चिमट्यांची पेटी परक्याच्या घरी जाणार, या विचाराने त्यांना घास गिळवेना.

शनिवारी सकाळी एक बाई आल्या. पूर्वी वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी इथूनच नीट करून नेलं होतं. मिनिटरावांना टेबलाशी बसलेलं पाहून त्या उंबऱ्यातच थबकल्या. हातात फुलं होती.

"तुम्ही आहात?"

"आहे की. का बरं?"

बाईंनी ओशाळून फोन पुढे केला. नकाशावर दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, कायमचे बंद. एवढा वक्तशीर माणूस उगाच दुकान बंद करणार नाही, तेव्हा काही बरंवाईट झालं असणार, असं समजून त्या घरच्यांचा पत्ता विचारायला आल्या होत्या.

मिनिटरावांनी लेकीला फोन लावला. वर्षापूर्वी तिनेच दुकान नकाशावर टाकलं होतं आणि बंद असेल तेव्हा तिथे कळवत जा, लोकांना हेलपाटा नको, असं बजावलं होतं. तिने दोनच प्रश्न विचारले आणि उलगडा झाला. एके दिवशी जेवायला निघताना या प्रामाणिक माणसाने नकाशावर 'बंद' शोधून दाबलं होतं, तेही डोळ्याचं भिंग उतरवून ठेवल्यावर. केसाएवढा स्क्रू हुडकणाऱ्याला 'कायमचे' हा आख्खा शब्द दिसला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

लेक आधी हसली, मग हसता हसता थांबली. "बाबा, तीन महिने बोलला का नाहीत?"

"वाटलं, माझेच दिवस संपले."

मग लेक फोनवरून सांगत गेली आणि बाई करत गेल्या. ते लाल शब्द पुसले. नुसतं 'दुकान' होतं तिथे 'घड्याळ दुरुस्ती' घातलं. मागच्या बोळात पडलेली खूण रस्त्यावरच्या दाराशी आणली, बदललेला फोन नंबर भरला, दाराचा फोटो टाकला. जेवणाची सुट्टीही लिहाच, म्हणून मिनिटराव अडून बसले. या सगळ्यात एक वाजून गेला तरी ते उठले नाहीत, आणि समोरचा शिंपी काळजीने बघून गेला. निघताना बाईंनी चार ओळींचा अभिप्राय लिहिला. फुलं त्यांनी टेबलावरच ठेवली.

शुक्रवारी दोनला शटर वर गेलं तेव्हा बाहेर तिघं होते. अवजारं घेणारा, हातात टेबलघड्याळ धरलेले एक आजोबा आणि एक तरुणी. ती म्हणाली, नकाशावर वाचून आले, आणि तिने फोन दाखवला. मिनिटरावांनी या वेळी भिंग चढवून शब्द न् शब्द वाचला.

'दुकान चालू आहे. माणूस ठणठणीत आहे. एक ते दोन जेवतो, तेवढं थांबावं. माझ्या वडिलांचं घड्याळ अजून चालतं.'

भिंग पुसायला त्यांनी जरा वेळ घेतला. मग अवजारं घेणाऱ्याकडे वळून म्हणाले, "पेटी द्यायची नाही. लागणार आहे."