लिंबावरून गेलेली बस

आमच्या वर्षालीला वळण नाही, हे मी तिच्या तोंडावरही सांगते. घरात नवी गाडी आली की सुनेने आधी सासूला हाक मारायची, गाडीला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं. आमच्या आंबिवलीकडच्या गावात जमिनी विकून लोकांनी केवढाल्या गाड्या घेतल्या, पण लिंबू चिरडल्याशिवाय एकही फाटकाबाहेर पडली नाही. आणि हिने दोन महिने खपून अख्खी बस बांधली, तरी मला एका शब्दाने विचारलं नाही.

बस खेळण्यातली. प्लास्टिकचे ठोकळे एकात एक बसवून केलेली, हातभर लांब. पण नक्षा कुठून उचललेला नाही, हिनेच काढला. कल्याण स्टेशनबाहेर उभी राहून शहरातल्या बसचे फोटो काढले, खिडक्या मोजल्या, मग कॉम्प्युटरवर एकेक ठोकळा मांडला. दार उघडतं. ड्रायव्हरपुढचं चाक फिरवलं की पुढची चाकं वळतात. लग्नाआधी ही एका कंपनीत मशीनचे नक्षे काढायची. ते काम मी सोडायला लावलेलं. आता ठाण्यातल्या एका खेळण्यांच्या दुकानाला असली मॉडेलं बांधणारं माणूस हवं होतं. परीक्षा म्हणून शनिवारी एक वाजता स्वतः बांधलेली गाडी घेऊन यायची आणि उतरत्या फळीवरून सोडायची. एक ठोकळा जरी गळला, तरी काम दुसऱ्याला.

शनिवारी सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी तिच्या खोलीत शिरले. बसला कुंकवाचं बोट लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, तेही मुद्दाम सुपारीएवढं बघून, आणि बस मागून ढकलली. लिंबू फुटेना. मग वरून जोर दिला. कट्ट आवाज आला.

लिंबू फुटलं आणि बसचं नाकही खाली बसलं. मी चाकं बोटांनी होती तशी आत दाबली, कुंकू पदराने पुसलं, लिंबू खिडकीतून टाकलं आणि स्वयंपाकघरात येऊन कोळंबी सोलायला बसले.

साडेनऊला वर्षालीने ओट्याजवळ तांदळाच्या डब्याला पाट तिरका टेकवला आणि बस सोडून बघितली. निम्म्या पाटावर पुढचं चाक निघालं, बस तोंडावर आपटली. दिवे, काच, ड्रायव्हरची सीट, सगळं लादीवर.

ती खाली बसून ठोकळे गोळा करायला लागली.

"काल वीस वेळा उतरवलेली मी," हितेशला म्हणाली. हितेश माझा मुलगा, गाडीची चावी घेऊन दारात उभा.

"परत लाव ना मग. अकराला निघालो तरी पोचू."

"काय लावू? चाकांमधला दांडाच तुटलाय. पुढचा भाग जड झाला, त्याला वजन पेलत नाय. डिझाइनच चुकलंय माझं. सगळं उतरवून हलकं करायला लागेल."

"किती वेळ?"

"दोन दिवस."

ती छप्पर काढायला लागली. एकेक ठोकळा नखाने उचलायची, डब्यात टाकायची. धुतलेली कोळंबी मी परत धूत होते.

"आई, तू तरी सांग तिला," हितेश म्हणाला.

"मला काय कळतं त्यातलं?"

अर्धा तास गेला. मग ती उठली, ओट्याला टेकली, फोन हातात घेतला. "कळवून टाकते त्यांना. मला नाय जमणार म्हणून." सात वर्षांपूर्वी काम सोडते म्हणून कंपनीला फोन केला तेव्हाही ती इथेच टेकून उभी होती. आवाज हाच.

"फोन ठेव," मी म्हटलं. "आणि छपराला हात लावू नको. लिंबू ठेवलेलं मी."

"कुठे?"

"चाकाखाली. फुटेना, म्हणून वरून दाबली."

हितेशला हसू आलं, माझ्याकडे बघून त्याने ते गिळलं. वर्षालीने निघालेलं चाक उलटं केलं. रबराच्या खाचेत लिंबाची बी अडकलेली. ती नखाने काढून तिने ओट्यावर माझ्यासमोर ठेवली.

"म्हणजे डिझाइन बरोबर होतं."

"चुकलं असं कोण म्हणालं?"

"मी म्हणत होते, आई. अर्धा तास. तुम्ही ऐकत होता."

तेवढ्याच लांबीचा दुसरा दांडा तिच्या डब्यात नव्हता. मी हात पुसले आणि टीव्हीखालचा ठोकळ्यांचा टेम्पो आणला. तो तिने गेल्या वर्षी बांधलेला. पाहुणे आले की मी त्यांना दाखवते, ती आत असताना.

"यातला बघ बसतो का."

"याला तर तुम्ही कुणाला हात लावू देत नाही."

"आता देते. बोलत बसू नको."

दांडा बसला. छप्पर, काच, दिवे तिने परत लावले आणि सव्वाअकराला निघालो. बस माझ्या मांडीवर. भिवंडी बायपासला खड्डा दिसला की मी ती दोन्ही हातांनी अधांतरी धरायचे.

दुकानातली फळी आमच्या पाटाच्या चौपट लांब. वर्षालीने बस वर ठेवली आणि बोट काढलं. चाकं खडखडली. मध्येच बसचं दार उघडलं. बस खाली आली, लादीवर थोडी पुढे गेली, थांबली. दुकानवाल्याने वाकून आधी फळी बघितली, मग लादी. काही पडलेलं नव्हतं. बोटाने त्याने बसचं दार लावलं.

"सोमवारी दहाला येऊ शकाल?"

वर्षाली सगळ्या दुकानासमोर माझ्याकडे बघत राहिली.

"माझ्याकडे काय बघते गो?" मी म्हटलं. "बस तू चांगली बांधलीस. ती तुटली माझ्या हाताने. कंपनीतलं कामही मीच बंद केलेलं, तेही चुकलं. सोमवारी दहाला यायचं. पण पुढची गाडी बांधलीस की आधी मला हाक मारायची. लिंबू नुसतं दाखवू, कुंकू मात्र लागणारच."