पाठीवर बसलेलं घर

मित्रांनो, माझी वाकलेली मागची चाकं बघून हसू नका. मी एक जुना पिकअप ट्रक आहे. उमेदीत मी बटाट्याची पोती वाहिली, चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढल्या. "बैल आहे बैल!" म्हणत देवदत्तने मला नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावी आणलं.

करोनाच्या या वर्षी त्याचे आईवडील, शुभदाताई आणि वासुदेवराव, नातीला भेटायला आले आणि विमानं बंद झाल्याने अडकले. वासुदेवरावांची फुप्फुसं आधीच अधू. सून चारुता परिचारिका. दुसऱ्या दिवसापासून तिला करोनाच्या वॉर्डात जायचं होतं. घर एवढंसं, न्हाणीघर एकच. सासऱ्यांना वेगळं ठेवायला देवदत्तने दूरच्या नायमेखन शहरातून एक जुनं चाकांवरचं घर घेतलं. ते उभं करायला आल्मेरेजवळच्या एका शेतकऱ्याने जागा दिली होती. अशा घराची मान ट्रकच्या हौद्यात बसते. त्याला फिफ्थ-व्हील ट्रेलर म्हणतात.

"ट्रक ओढतो साडेतीन टन, ट्रेलर तीन टन. जमलं!" देवदत्त म्हणाला.

पण मित्रांनो, अशा घराचा जवळजवळ पाचवा हिस्सा ओढायचा नसतो, तो पाठीवर बसतो. माझ्या पाठीला किती पेलतं, ते दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. ते कोणी वाचलं नाही.

त्यात, नवऱ्यासह सोबत आलेल्या शुभदाताई अडून बसल्या. "देवू, रिकाम्या घरात राहायला जाऊ नये. आधी पाणी नि धान्य भर."

"आई, वास्तुशांत नाहीये ही!"

"बापाला ठेवायचंय ना त्यात?"

त्याने पाण्याचा पाइप लावला. टाकी काठोकाठ भरली. घरून आणलेली तांदळाची नि कणकेची पोती पुढच्या कप्प्यात, नेमकी माझ्या पाठीवर, रचली गेली.

"आता गाय तेवढी राहिली," वासुदेवराव खोकत हसले.

निघालो तेव्हाच माझं बूड टेकलं, तोंड वर झालं. पुढची चाकं रस्त्याला जेमतेम शिवत होती. मी कण्हलो, करकरलो. वाल नदीच्या पुलावर आडवा वारा आला.

"देवू, सावकाश रे!"

"स्टिअरिंग फिरतंय आई, गाडी फिरत नाहीये!"

मी कठड्यावर घासत गेलो. माझा मागचा आस वाकला, तेव्हा कुठे थांबलो. माणसं वाचली. पण ट्रेलर मोडला, तिथेच राहिला. मला ओढून आणून दारासमोर ठेवलं.

संध्याकाळी चारुता पांघरूण घेऊन बाहेर आली. "बाबा घरातच राहतील. मी ट्रकमध्ये झोपते."

"वेडी आहेस का? पाय तरी पसरता येतील?" देवदत्त म्हणाला.

"दिवसभर उभीच असते. दुमडून झोपेन."

तेव्हापासून ती ड्यूटीवरून येते ती माझ्याकडे. शुभदाताई बॉनेटवर ताट ठेवून मागे सरतात. लेक घराच्या खिडकीला तळवे लावून "मामा, कोम!" म्हणजे डच भाषेत "आई, ये!" म्हणून बोलावते. वासुदेवराव ओरडतात, "सूनबाई, आत ये गं! मी जगून काय दिवे लावणार आहे?" ती काच वर करते आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडते. बैल म्हणवलेला मी, मला तिच्यासाठी जागचं हलताही येत नाही.

मित्रांनो, कोणालाही ओढायला लावण्याआधी त्याच्या पाठीला किती पेलेल, ते विचारा. ट्रकला विचारा, माणसालाही विचारा. चारुताला अजून कोणी विचारलेलं नाही, आणि आज माझ्या काचांवर बर्फ धरलं आहे.