बावन्न नंबरची चिठ्ठी

कुणाला पत्ते शिकायचेच असतील तर त्यानं कापसाच्या ओळीत जाऊन उभं राहावं. दुसरी शाळा नाही. सरकारनं कापसाची खरेदी नवीनच आपल्या हातात घेतली होती, आणि परभणीच्या खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग पार नाल्यापल्याड गेली होती. आल्या आल्या नंबराची चिठ्ठी मिळायची. चिठ्ठीवर ना नाव ना गाव, नुसता आकडा. दिवसाला तीस गाड्यांचं माप व्हायचं. नंबर पुकारला तेव्हा जुंपलेली गाडी काट्यावर नसली की चिठ्ठी रद्द, परत शेपटाला जाऊन उभं राहा.

मग माणसं करणार काय? गाडीखाली घोंगडं अंथरायचं आणि तीन पानी खेळायचं. पैसा कुणाच्याच खिशात नव्हता, म्हणून डाव बिडीवर. कुणी सगळं हरला तरी काय गेलं, तर एक बंडल.

नागनाथनं पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोन बंडलं घालवली. एक्कावन्न नंबरचा गाडीवान बन्सीधर त्याच्या शेजारी बसायचा. तो शेवटी वैतागलाच.

"तुला तीन पानं आली की तू त्यायला लेकरावानी कवटाळतोस. टाकायचं शिक की गड्या. दहातली सात बारी पानं टाकायचीच असतात."

नागनाथला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तो टाकायला शिकला. राणीच्या खालची पानं आली की मुकाट खाली ठेवायची, एका रंगाची दोन पानं आली म्हणून तिसऱ्याच्या आशेनं बिड्या फुंकून टाकायच्या नाहीत, आणि आधीच्या डावात हरलेलं पुढच्या डावात वसूल करायला धावायचं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्यापुढं दोन बंडलांवर बिड्या होत्या. चाळिशीचा बाप्या, पण मनातून असा हरखला की विचारू नका.

आणि नेमका तेव्हाच त्याच्याच गावचा, झरीचा भुजंग बाजाराला म्हणून आला आणि त्याला हुडकत गाडीपाशी पोचला.

"किशनरावनं सांगावा दिलाय. रान वापशाला आलंय. उद्या पेरलं तर पेरलं, परवाला ढेकळं व्हतील. म्हणला, नागनाथला सांग, उद्या दिवस उगवायला बैल पायजेत."

नागनाथकडं एकच बैल होता, गाडीचा दुसरा किशनरावचा. दोघांची सावड होती. दोन बैलांची एक जोडी करायची आणि आलटून पालटून दोघांची रानं करायची. नागनाथच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि किशनराव पाटलाच्या भावकीतला. गावानं नाकं मुरडली होती. ही सावड टिकली तर आमी मिशी काढू, असं चावडीवर बोललेले लोक अजून मिशा घेऊन हिंडत होते. पाच वर्षं झाली, किशनराव एका शब्दानं मागं हटला नव्हता. आठ दिवसांपूर्वी अवकाळी पडला, रानात चिखल झाला, तेव्हा तोच म्हणाला होता, "जा, कापूस घालून ये. वापसा यायच्या आत येतोसच." आणि नागनाथनं जबान दिली होती.

आज मंगळवार. आज चाळीस नंबरापर्यंत माप होणार. नागनाथची चिठ्ठी बावन्नची, म्हणजे उद्या दुपार. माप करून गाव गाठेपर्यंत उद्याचा दिवस गेला. किशनरावचा तीन एकर हरभरा गेला, आणि सावडही गेली म्हणून समजा.

पुढचा नंबर पाहिजे. एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं. मागून कोण देणार? पुढचा नंबर तर सख्खा भाऊ देत नाही.

समोर पोखर्णीचे माणिकराव बसले होते. बागायतदार माणूस, पांढरंफेक धोतर, तोंडात पान. त्यांच्या तीन गाड्या, छत्तीस, सदतीस, अडतीस. चौथी गाडी काल मागून आली, तिला एक्क्याण्णव मिळाला होता, आणि माणिकराव सकाळपासून त्यावरून कुरकुर करत होते.

"माणिकराव," नागनाथ म्हणाला, "एक डाव नंबराचा खेळता का? तुमचा अडतीस, माझा बावन्न."

माणिकरावांनी पान गालात सरकवलं. "मी जिंकलो तर बावन्न माझ्या चौथ्या गाडीला, अन् एक्क्याण्णव तुला. तू जिंकलास तर अडतीस तुझा, बावन्न माझा. हाय कबूल?"

"हाय."

"अगोदर बिड्या. नंबर मागून येऊ द्या." आणि ते हसले.

बन्सीधरनं पानं वाटली. बाकीचे सरकून बसले, या डावात हात घालायची कुणाची छाती नव्हती. माणिकराव नेहमीसारखे अंधी खेळले, म्हणजे पानं उचललीच नाहीत. नागनाथनं आपली बघितली. बदामाचा बादशहा, किलवरचा बादशहा आणि सत्ती. तीन दिवसांत असं पान हाताला लागलं नव्हतं.

आता या खेळातली मेख ऐका. जो पानं बघतो त्यानं अंधीच्या दुप्पट टाकायचं. आणि समोरचा अंधी आहे तोवर बघणाऱ्याला "दाखव" म्हणायचा हक्क नाही. त्यानं चाल द्यायची, नाहीतर पानं टाकायची. तिसरी वाट नाही.

माणिकरावांनी दोन बिड्या टाकल्या, नागनाथनं चार. त्यांनी पाच, यानं दहा. नागनाथ मनाशी म्हणत होता, अंधी माणसाच्या हातात काय आहे ते त्याला स्वतःलाच ठाऊक नाही, भ्यायचं कशाला. हिशोब बरोबरच होता. पण बिड्या संपत आल्या होत्या.

काट्यावरून पुकारा आला, "पस्तीस."

माणिकरावांनी वीस टाकल्या. नागनाथनं राहिलेल्या चाळीस पुढं सरकवल्या. घोंगड्यावर बिड्यांचा ढीग झाला, आणि त्याच्या पुढ्यात काही उरलं नाही.

"आता नंबर," माणिकराव म्हणाले, आणि अडतीसची चिठ्ठी ढिगावर ठेवली. पानांना त्यांनी अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं. नागनाथनं बावन्नची चिठ्ठी ठेवली. कबूल केल्याप्रमाणे आता पानं उघडतील म्हणून तो माणिकरावांच्या हाताकडं बघत राहिला. हात हललाच नाही.

"छत्तीस." माणिकरावांचा गडी पहिली गाडी घेऊन पुढं गेला.

"बोलणं झाल्तं त्याप्रमाणं उघडा की आता," बन्सीधर म्हणाला.

"बोलणं नंबराचं झाल्तं. उघडायचं कवा, ते अंधीवाल्याच्या मर्जीवर." माणिकरावांनी कनवटीची दुसरी चिठ्ठी काढली. "ही सदतीस. अंधीतच. नागनाथला दुप्पट टाकावं लागंल. त्याच्यापाशी दुसरं काय हाय? एक बैल लाव."

नागनाथनं आपली तीन पानं आणखी घट्ट धरली.

"बैल न्हाई लागत डावाला," तो म्हणाला.

"मग टाक. मी काय जबरदस्ती करायलोय?"

पानं टाकली की चिठ्ठी गेली. एकदा घोंगड्यावर पडलेलं परत उचलायचं नाही, ही तिथली रीत. हातात बादशहाची जोडी. समोर तीन आंधळी पानं. शंभरातल्या नव्वद बारी तोच जिंकणार होता, हे आता त्याला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तो फसत चालला होता. मागं चाकाला बैल बांधलेले होते. त्यानं मान वळवली. स्वतःच्या बैलाला नख लावायचं त्याच्या जिवावर आलं, आणि त्याच्या मनात आलं, पलीकडचा लावावा. पलीकडचा किशनरावचा होता. किशनरावसाठीच तर खेळतोय, किशनरावचा बैल लावला तर काय बिघडलं. असं चक्क त्याच्या मनात आलं. "लावला" म्हणायला त्यानं तोंडही उघडलं.

आणि त्याच तोंडानं तो "टाकली" म्हणाला. पानं पालथी घातली.

माणिकरावांनी ढीग ओढला. बन्सीधरला राहवलं नाही, त्यानं त्यांची पानं उलटली. दुर्री, पंजी, नव्वी. तिन्ही वेगळ्या रंगाची, कशाला काही मेळ नाही. नागनाथची जोडीही कुणीतरी उलटली, आणि ओळीतली माणसं हळहळली. एक्क्याण्णवची चिठ्ठी त्याच्या हातात आली. तेलही गेलं, तूपही गेलं.

तो गाडीच्या चाकाला टेकून बसला. लाज एवढी वाटत होती की बैलांकडं बघवेना. अडतीस गेला, बावन्न गेला, आता किशनरावला काय तोंड दाखवायचं.

बन्सीधर शेजारी येऊन बसला. समजूत घालायची म्हणून काहीतरी बोलायचं तर म्हणाला, "एक्क्याण्णव म्हंजी कवा येईल रे?"

"परवा," नागनाथ म्हणाला. "दुपार टळल्यावर."

आणि तो एकदम उभा राहिला. परवा दुपार. म्हणजे उद्याचा अख्खा दिवस त्याला कुणी पुकारणार नव्हतं. बैल घेऊन आत्ता निघालं तर रात्रीपर्यंत झरी, उद्या पेरणी, परवा सकाळी निघून दुपारपर्यंत हजर. एक्क्याण्णवच तर पाहिजे होता. भुजंग आल्यापासून एक्क्याण्णवच पाहिजे होता, आणि तो मूर्खासारखा अडतीसच्या मागं लागला होता. ओळीत उभ्या राहिलेल्या माणसाला मागं जायचं सुचतच नाही, दुसरं काय.

"गाडी मागं लावून देशील? उद्या ओळ हलली तर चार जण मिळून ढकलशील, अन् तुझा नंबर झाला की मागच्यायला सांगून जाशील?"

"ढकलतो की. त्यात काय."

तो दोन्ही बैल सोडून निघालेला बघून माणिकरावांनी विचारलं, कुठं. नागनाथनं सांगितलं. माणिकराव म्हणाले, "अरं, मग आधीच बोलायचं. मला चौथ्या गाडीला बावन्न पायजेच होता. चिठ्ठी बदलून वर दोन बंडलं दिली असती की."

बैलांचे कासरे धरून नागनाथ सरळ चालू लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिफण जुंपली. तिफणीवर नागनाथ, बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरून किशनराव. रान असं आलं होतं की माती हातात घेतली तर वळावी. किशनराव खूश होता. "मला ठाव होतं तू येणार. कारभारणीला म्हणलं रातच्याला, नागनाथची जबान हाय ती."

चार तासं, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, नागनाथनं तशाच काढल्या. पाचव्या तासाच्या टोकाला, मोडणीवर त्यानं बैल थांबवले आणि सगळं सांगून टाकलं. चिठ्ठीचं, डावाचं, आणि तोंड उघडलं होतं तेही.

"माझाच बैल आला का मनात?" किशनरावनं विचारलं.

"तुझाच."

"लावला न्हाईस ना पर?"

"न्हाई."

किशनरावनं चाड्यावरची मूठ सारखी केली. "चल मग. ओल चाललीय."

दिवस मावळेपर्यंत तीन एकर पेरून झालं. पुढं किशनराव बोललाही नेहमीसारखा, जेवायला वाढलंही शेजारी बसवून. भाकरी खाताना नागनाथला वाटलं, झालं ते झालं, मिटलं.

गुरुवारी सकाळी तो परभणीला निघायला बैल सोडायला आला, तर किशनराव डोक्याला फेटा गुंडाळून गोठ्यापाशी उभा होता, आणि आपल्या बैलाचा कासरा त्यानं आधीच हातात घेतला होता.

"मी बी येतो संगं," तो म्हणाला. पाच वर्षांत तो बैलामागं कधी आला नव्हता.

नागनाथला कळलं. वाईट लय वाटलं, पण राग धरायला जागा नव्हती. त्यानं आपला बैल दावणीचा सोडला, आणि दोघं आपापला बैल धरून रस्त्याला लागले.